ऑटिस्टिक आहात आणि मोठे आहात: दिवस कसा लावायचा, माणसांशी कसं बोलायचं

ऑटिझमवर (म्हणजे स्वमग्नता, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण) जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक लहान मुलांच्या आईवडलांसाठी असतं. पण ती मुलं मोठी होतात ना, नोकऱ्या करतात, लग्नं करतात, घरं बदलतात, आणि कित्येकांना तर तिशी-चाळिशी उलटल्यावर कळतं की अरे, आपण ऑटिस्टिक आहोत. ह्याला कारणही आहे. ऑटिझमचं सुरुवातीचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांपैकी कॅनरने १९४३ मध्ये आणि अ‍ॅस्परगरने १९४४ मध्ये जे लिहिलं ते मुलांबद्दलच होतं, मग छान बोलणारी, शिकलेली पण 'जरा विक्षिप्त' म्हणून सोडून दिलेली माणसं मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंगने १९८१ मध्ये अ‍ॅस्परगर सिंड्रोमवर लिहिल्यानंतर कुठे नजरेत यायला लागली, आणि ही सगळी वेगवेगळी नावं एका ऑटिझम स्पेक्ट्रमखाली आली ती थेट २०१३ साली, डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास त्यातच निदानाच्या निकषांत आला, आणि शिकून घेतलेल्या वागण्यामागे लक्षणं झाकली जाऊ शकतात हेही त्यात लिहिलं गेलं. तेव्हा तुमची शाळा त्याआधी संपली असेल तर कुणाच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान मोठेपणीच झालं, त्यामुळे पुढचं सगळं आतल्या बाजूने लिहिलंय. माझं म्हणणं एकच आहे, की नॉर्मल दिसायची प्रॅक्टिस करण्यात जी ताकद जाते ती तिथून काढा आणि बाकीचे लोक जे न बोलता गृहीत धरतात ते शब्दांत आणायला वापरा. सगळ्या पायऱ्या एकदम करू नका, पहिल्या दोन आधी.

पायरी १: शरीराची नोंद ठेवा

बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना शरीराच्या आतले सिग्नल उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत. भूक लागलीये हे डोकं दुखायला लागल्यावर कळतं, लघवीला जायचंय हे अगदी शेवटच्या मिनिटाला. आतलं जाणवण्याच्या ह्या क्षमतेला इंटरोसेप्शन म्हणतात. त्याच्या जोडीला अलेक्सिथायमिया, म्हणजे आपल्याला नेमकं काय वाटतंय ते ओळखता न येणं. ऑटिस्टिक लोकांमध्ये साधारण निम्म्यांना हे असतं, बाकीच्या लोकांत वीसातल्या एखाद्याला. आता विचार करा, घरचं माणूस विचारतं "काय झालंय तुला?" आणि तुम्ही खरोखरच "माहीत नाही" म्हणता, समोरच्याला वाटतं लपवतेय. इथेच अर्धी भांडणं सुरू होतात.

तर करायचं काय, दोन आठवडे दिवसातून तीनदा मोबाईलला अलार्म लावा आणि अलार्म वाजला की भावना लिहायच्या भानगडीत न पडता जे दिसतं, मोजता येतं तेवढंच लिहा. शेवटचं कधी खाल्लं, पाणी प्यायलं का, जबडा किंवा खांदे आवळलेत का, आजूबाजूला आवाज किती आहे, गेल्या तासात कुणाशी बोललात, आणि शेवटी शून्य ते दहामध्ये 'किती सहन होतंय' याचा एक आकडा. बस. दोन आठवड्यांनी वाचून बघा, पॅटर्न दिसतो. कुणाला कळतं की एका जागी ट्यूबलाइट गुणगुणते आणि तिथून आलं की आकडा पडतो. कुणाला कळतं की 'अचानक' चिडचिड होते ती अचानक नसतेच, चार तास पोटात काही नसतं आणि त्यात दोन फोन झालेले असतात. यातूनच तुमची स्वतःची डिक्शनरी बनते: "जबडा आवळलाय आणि मी एकेका शब्दात उत्तरं देतेय, म्हणजे मी भरत आलेय." भावनेचं नाव नाही सापडलं तरी चालतं, एवढं वाक्य समोरच्याला सांगता आलं तरी खूप झालं.

सेन्सरी त्रासाचं, म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श सहन न होण्याचं पण असंच. 'मला आवाज सहन होत नाही' एवढ्यावर थांबू नका, कुठला आवाज ते शोधा. एकाच वेळी तीन जण बोलणं? सतत चालणारी मोटर? की अचानक वाजणारी बेल? तिघांचे उपाय वेगळे आहेत. इअरप्लग आणि नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बेस्ट, फक्त दिवसभर कानात ठेवून बसू नका, कान शांततेला सरावले की साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. कपड्यांची लेबलं कापा, चालणारा एक कपडा सापडला की तोच चार रंगांत घ्या, उजेड वरून येण्यापेक्षा बाजूच्या दिव्याचा ठेवा. ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतात म्हणून लोक त्या सगळ्यात शेवटी करतात, खरं तर सगळ्यात आधी करायला पाहिजेत, कारण सकाळी नऊलाच अर्धी ताकद कॉलर टोचण्यात गेली तर संध्याकाळी घरच्यांशी नीट बोलायला उरणार काय?

आणि हो, काही ऑटिस्टिक लोकांना उलट जास्त इनपुट हवं असतं, जोरात म्युझिक, जड पांघरूण, घट्ट मिठी. एकाच माणसात दोन्ही असू शकतं.

पायरी २: दिवसाचं बजेट

दिवसातल्या कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे ते किती वेळ घेतं हे न लिहिता त्यानंतर सावरायला किती वेळ लागतो ते लिहा. हा माझ्या मते सगळ्यात कामाचा व्यायाम आहे. एक तासाची मीटिंग आणि नंतर दोन तास डोकं बंद, म्हणजे ती मीटिंग तीन तासांची. दाताच्या डॉक्टरकडे वीस मिनिटं आणि उरलेला दिवस बाद. असं लिहिलं की कळतं आपण आळशी नाही, आपण एका दिवसात दीड दिवस कोंबत होतो.

मग नियम लावा. दोन जड गोष्टी लागोपाठ नाहीत. बाहेरून आल्यावर पहिली तीस मिनिटं कुणी काही विचारणार नाही, आणि हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, दारातच तोंड पाडून समजेल अशी अपेक्षा करू नका.

कामातून काम बदलणं हा वेगळाच ताप. २००५ मध्ये डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर या अभ्यासकांनी मोनोट्रॉपिझमची कल्पना नीट मांडली, तिचा गाभा असा की ऑटिस्टिक मेंदूचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर पण फार खोल जातं. म्हणून तुम्ही एखाद्या कामात आठ तास बुडू शकता आणि तिथून उठून साधी आंघोळ करायला मात्र जमत नाही, कळतंय की उठायला हवं तरी शरीर हलत नाही. यावर इच्छाशक्ती वगैरे काही कामाला येत नाही. कामाला येतं ते हे: बदलाच्या दहा मिनिटं आधी एक अलार्म आणि नेमक्या वेळी दुसरा, आत्ता कुठे थांबलो ते एका ओळीत लिहून ठेवणं (नाहीतर डोकं तिथेच अडकून राहतं), आणि पुढच्या कामाची फक्त पहिली हालचाल ठरवणं. 'आंघोळ कर' असं नाही, 'उभी राहा, टॉवेल घे'.

मास्किंगबद्दल थोडं, म्हणजे नॉर्मल दिसावं म्हणून आपलं ऑटिस्टिक असणं झाकत राहण्याबद्दल. संशोधक लॉरा हल आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे मोजायला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली, कॅट-क्यू, त्यात तीन भाग आहेत: नक्कल करून कमतरता भरून काढणं, ऑटिस्टिक गोष्टी लपवणं, आणि गर्दीत रमल्याचं दाखवणं. सगळं मास्किंग एका रात्रीत सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही, काही ठिकाणी ते नोकरी वाचवतं, काही ठिकाणी सुरक्षितता. पण कुठे कुठे करता याची यादी करा आणि ज्यांच्यासमोर करायची गरजच नाही तिथे आधी बंद करा. हात हलवणं, डुलणं, एकच वाक्य पुटपुटणं हे स्टिमिंग आहे, कुणाला इजा होत नसेल तर करू द्या स्वतःला. हुशार बायका-पुरुष घरात एकटे असतानाही हात दाबून बसतात, सवय लागलेली असते.

महिनोन्‌महिने ताण राहिला तर ऑटिस्टिक बर्नआउट येतो. डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याचं वर्णन केलं ते असं: दीर्घकाळचा पूर्ण थकवा, आधी येणारी कामं न येणं, आणि आवाज-उजेड पूर्वीपेक्षा कमी सहन होणं. स्वयंपाक येत होता, आता गॅससमोर उभं राहून सुचतच नाही, बोलता यायचं तिथे शब्द सापडत नाहीत. यात नुसत्या वीकेंडच्या सुट्टीने भागत नाही, मागण्या खरोखर कमी कराव्या लागतात, काही कामं महिनोन्‌महिने दुसऱ्याकडे द्यावी लागतात. हे आणि डिप्रेशन एकत्रही असू शकतं त्यामुळे डॉक्टरला दोन्ही शब्द सांगा. जगणं नको असे विचार येत असतील तर मात्र 'बर्नआउट असेल, जाईल' म्हणून बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, डॉक्टरला, हेल्पलाइनला, शेजाऱ्याला, बोलता येत नसेल तर मेसेज टाइप करून.

पायरी ३: बोलण्यातलं न बोललेलं

आधी एक ओझं उतरवू. 'ऑटिस्टिक लोकांना दुसऱ्याचं मन कळत नाही' हे अर्धंच खरं आहे. डेमियन मिल्टनने २०१२ मध्ये डबल एम्पथी प्रॉब्लेम मांडला, म्हणजे न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. मग कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, कानगोष्टींच्या खेळासारखा, एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत माहिती तेवढीच नीट पोचली जेवढी सगळे नॉन-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत पोचली, घसरली ती दोघं मिसळले तिथे. आणि २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की लोक ऑटिस्टिक माणसाबद्दल काही सेकंदांत कमी चांगलं मत बनवतात, पण त्याच माणसाचं बोलणं फक्त लिखित स्वरूपात दिलं की तो फरक जातो. ह्याचा सरळ उपयोग असा, की महत्त्वाचं काही असेल तर लिहा. मेसेज, मेल, चिठ्ठी काहीही.

आता प्रत्यक्ष बोलणं. लोक बरंच काही आडून बोलतात. "इथे गरम होतंय ना?" हा हवामानाचा रिपोर्ट नसतो, पंखा लावायची विनंती असते. "बघू" म्हणजे बऱ्याचदा नाही. "कधीतरी भेटू" ही भेट ठरलेली नसते, दिवस ठरला तरच ठरली. "तुला हवं तसं कर" हे रागात म्हटलेलं असेल तर त्याचा अर्थ अगदी उलटा. हे सगळं पाठ करत बसायची गरज नाही, उलटा प्रश्न विचारायची एक सवय लावा: "पंखा लावू का?" "हे हो समजू की नाही समजू?" "तू खरंच चालेल म्हणतोयस की चिडलायस? मला आवाजावरून कळत नाही." शेवटचं वाक्य म्हणायला सुरुवातीला धीर लागतो. पण ज्यांना तुम्ही हवे आहात ते उत्तर देतात.

कुणी अडचण सांगायला लागलं की आपला मेंदू लगेच उपाय काढतो, आणि समोरचा दुखावतो. इथे एकच प्रश्न: "सल्ला हवाय की नुसतं ऐकू?" नुसतं ऐकायचं असेल तर त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट परत म्हणा, "म्हणजे सगळ्यांसमोर बोलले तुला, बापरे." आपलाही तसाच एक किस्सा सांगणं ही आपल्याकडून सहानुभूतीच असते पण समोरच्याला वाटतं विषय स्वतःकडे वळवला, म्हणून किस्सा सांगितला तर शेवटी चेंडू परत द्या: "माझं असं झालं होतं म्हणून विचारते, तुझं पुढे काय झालं?"

डोळ्यांत बघून बोलणं त्रासाचं असेल तर सोडून द्या, भुवयांकडे बघितलं तरी बहुतेकांना फरक कळत नाही. त्याहून बरं म्हणजे अवघड बोलणं शेजारी-शेजारी करा, चालताना, गाडीत. लगेच उत्तर सुचत नसेल तर एक तयार वाक्य ठेवा, "विचार करून उद्या सकाळी सांगते", आणि सकाळी खरंच सांगा, नाहीतर हे वाक्य पुढच्या वेळी चालत नाही.

फोनवर बोलायचं असेल तर पहिली दोन वाक्यं कागदावर लिहून ठेवा. बस, फोनबद्दल एवढंच, शक्य तिथे टाळाच.

पायरी ४: घरातलं माणूस आणि मित्र

जोडीदाराबरोबर आठवड्यातून एक ठरलेली बैठक ठेवा, अर्धा तास, ठरलेला वार, ठरलेले प्रश्न. या आठवड्यात काय बरं झालं, काय खुपलं, पुढच्या आठवड्यात काय बदल होणार आहेत, कुणाला काय मदत हवीये. ऐकायला ऑफिससारखं वाटतं आणि काही लोक नाक मुरडतात की प्रेमात अजेंडा कसला. असू दे. ज्याला चेहऱ्यावरून नाराजी वाचता येत नाही त्याला ती नाराजी तीन महिने साठून एकदम कळण्यापेक्षा दर शनिवारी कळलेली बरी.

प्रेम दाखवायच्या गोष्टी पण शब्दांत ठरवा. आजारी असल्यावर तुला एकटं सोडू की जवळ बसू? वाढदिवसाला सरप्राइज हवं की आधी सांगू? माझ्याकडून विचारायचं राहिलं तर तू सांगशील का? स्पर्शाचंही तसंच, हलका हात काहींना अक्षरशः टोचतो आणि घट्ट मिठी चालते, हे सांगितल्याशिवाय जोडीदार 'हिला मी आवडतच नाही' अशा निष्कर्षावर जातो. शारीरिक जवळीकीत होकार शब्दांत विचारायचा आणि शब्दांतच द्यायचा, शंका असेल तर ते 'नाही' समजायचं, दोन्ही बाजूंनी.

समजा एक जण ऑटिस्टिक आहे आणि दुसरा नाही, तर सगळं समजून घ्यायचं काम एकाच्याच गळ्यात पडतंय का ते बघा. कधी ते ऑटिस्टिक माणसावर पडतं, दिवसरात्र मास्किंग. कधी दुसऱ्यावर, की घरातलं सगळं प्लॅनिंग, नातेवाईक, फोन, सगळं तिनेच. दोन्ही वाईट. कामं आवडीनिवडीने नाही तर कुणाला ते काम किती महागात पडतं त्यावर वाटून घ्या.

मैत्रीत आपला मोठा प्रॉब्लेम हा की समोर नसलेला माणूस डोक्यातून जातो, प्रेम कमी झालेलं नसतं पण सहा महिने मेसेज नसतो. मग कॅलेंडरला रिमाइंडर लावा, महिन्यातून एकदा, नावानिशी. यात खोटं काहीच नाही. काय लिहायचं सुचत नसेल तर त्याने मागच्या वेळी जे सांगितलं होतं त्याचं पुढे काय झालं ते विचारा, चॅटमध्ये वर स्क्रोल केलं की सापडतं. आणि मैत्री म्हणजे गप्पाच पाहिजेत असं कुठेय, एकाच खोलीत बसून आपापलं काम करणं हीसुद्धा भेट आहे, असे मित्र मिळाले तर जपा.

पायरी ५: भांडण, मेल्टडाउन, शटडाउन

मेल्टडाउन म्हणजे ओव्हरलोड होऊन ताबा जाणं, रडणं, ओरडणं, वस्तू आपटणं. शटडाउन म्हणजे तेच आतल्या बाजूला, माणूस गप्प होतो, बोलताच येत नाही. दोन्ही मुद्दाम केलेलं नसतं आणि दोन्हींत समजावून सांगणं, प्रश्न विचारणं, लॉजिक मांडणं याने भर पडते.

प्लॅन शांत असताना बनवायचा. सुरुवातीच्या खुणा कुठल्या (पायरी १ ची वही इथे कामाला येते), कुठला एक शब्द किंवा हाताची खूण म्हटली की भांडण तिथेच थांबणार, कोण कुठल्या खोलीत जाणार, हात लावलेला चालेल की नाही, आणि परत बोलायचं कधी. ही शेवटची वेळ ठरवणं फार महत्त्वाचं, कारण ती नसेल तर थांबणारा माणूस पळून गेल्यासारखा वाटतो. "आत्ता थांबू, रात्री नऊला बोलू" हे चालतं. मोबाईलमध्ये एक नोट तयार ठेवा: 'मला आत्ता बोलता येत नाहीये, मी ठीक आहे, वीस मिनिटं शांतता हवी.' अनोळखी लोकांनाही ती दाखवता येते.

मेल्टडाउन आल्याची माफी मागायची गरज नाही. पण त्यात कुणाला लागलं, कुणी घाबरलं, तर त्याची मागायची, आणि त्यांना काय वाटलं ते ऐकायचं. ऑटिझम हे कारण असू शकतं, मार खात राहायचं किंवा देत राहायचं लायसन्स कुणालाच नाही.

पायरी ६: कुणाला सांगायचं

सगळ्यांना सांगायलाच पाहिजे असं नाही. आधी गरज सांगून बघा, लेबल न लावता: "मला सूचना लिहून दिल्या तर काम नीट होतं." यावर माणूस कसा वागतो त्यावरून पुढचं ठरवा. ऑफिसात तर बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. सांगायचंच ठरलं तर तीन वाक्यांत सांगा, मी ऑटिस्टिक आहे, त्यामुळे अमुक होतं, तुझ्याकडून तमुक हवंय. तिसरं वाक्य नसेल तर लोक गोंधळतात आणि "पण तसं वाटत नाही हं तुझ्याकडे बघून" असं काहीतरी बोलून जातात. त्याला लांबलचक उत्तर द्यायचं नाही, "हो, मेहनत लागते त्याला" पुरे.

पायरी ७: फसवणूक ओळखणं

ह्यावर लोक कमी बोलतात. शब्दांवर सरळ विश्वास ठेवणं आणि 'सगळ्यांचं असंच असतं वाटतं' म्हणून सहन करणं, या दोन सवयींचा फायदा घेणारे भेटतात, पैशात, नात्यात, ऑफिसात. अंदाज घेत बसण्यापेक्षा एक चाचणी करा: छोट्या गोष्टीला नाही म्हणा आणि काय होतं ते बघा. चांगला माणूस थोडा हिरमुसेल आणि विसरेल. दुसरा प्रकार अबोला धरेल, तुमच्याच स्वभावावर येईल, "तुला कळत नाही, तू ऑटिस्टिक आहेस ना" म्हणेल. हे शेवटचं वाक्य ऐकलं की सावध व्हा. पैसे उसने देणं, सही करणं, कुणाकडे राहायला जाणं, फोटो पाठवणं ह्यातलं काहीही मागितल्याच्या दिवशी करायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची. घाई लावणाऱ्याला उत्तर आधीच ठरलेलं: "मी त्याच दिवशी ठरवत नाही, माझा नियम आहे."

आणि एक माणूस नेमून ठेवा ज्याला तुम्ही मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवून विचारू शकता, "हे नॉर्मल आहे का?" बहीण असेल, जुना मित्र असेल, थेरपिस्ट असेल, दुसरं एखादं ऑटिस्टिक माणूस असेल तर फारच छान. अट एवढीच की तुमच्या निर्णयात त्याचा स्वतःचा फायदा-तोटा गुंतलेला नको, आणि "हे तुला कसं नाही कळलं" म्हणणाऱ्यातला नको.